दुकानदार म्हणतो, "मॅडम, अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद करा"

नमस्कार ताई,
मी इचलकरंजीची, घरी आरी वर्कचे ब्लाउज करते. कटदाणा, मोती, जरदोसी, स्टोन सगळं सुरतच्या एका छोट्या साइटवरून मागवते, आत्तापर्यंत चार वेळा मागवलं, कधी काही प्रॉब्लेम आला नाही. मागच्या आठवड्यात पाचवी ऑर्डर टाकली आणि पेमेंटच्या पानावर गेले तर आमच्या अँटीव्हायरसने (विकतचा आहे) लाल बॉक्स दाखवला, धोका अडवला म्हणून, आणि पुढचं पानच उघडेना. दोन लग्नांचे ब्लाउज अंगावर होते. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, मॅडम हे फॉल्स पॉझिटिव्ह आहे, म्हणजे खोटा इशारा, सगळ्यांनाच येतंय, अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद करा आणि पेमेंट करून टाका. मी केलं. डेबिट कार्डवरून 3,840 रुपये गेले, चौथ्या दिवशी माल पण आला, अगदी बरोबर आला. पण धाकधूक जात नाही. त्यात परवापासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये 5 व्हायरस सापडले, लगेच रिन्यू करा. मिस्टर म्हणतात तू बंद केलंस म्हणून घुसले. मुलगा म्हणतो अँटीव्हायरसच काढून टाक, नुसता अडवत बसतो. यात खरं काय समजू?
एक वाचक

ताई, आधी कामाचं बोलते, बाकीचं मागून.

ज्या डेबिट कार्डाने ते 3,840 भरलेत ना, ते कार्ड आजच बँकेच्या अ‍ॅपमधून ब्लॉक करा आणि नवीन मागवा. अ‍ॅप वापरत नसाल तर कार्डाच्या मागे बँकेचा नंबर असतो त्यावर फोन करा, गुगलवर कस्टमर केअर शोधून मिळालेल्या नंबरवर करू नका, तिथे भलतेच लोक नंबर टाकून बसलेले असतात. नवीन कार्डाचे थोडे पैसे कापतील, कापू द्या. तोवर यूपीआयवर भागेल तुमचं. आणि कार्ड आलं की अ‍ॅपमध्ये 'इंटरनॅशनल' नावाचं बटण बंद आहे ना ते बघून घ्या. हे बटण ज्याने त्याने स्वतः बंद-चालू करायची सोय रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये सगळ्या बँकांना द्यायला लावली, पण ते कुठे असतं हे माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं. आपल्या देशातल्या साइटवर कार्ड चालवायचं तर ओटीपी लागतो, बाहेरच्या बऱ्याच साइटना तो लागतच नाही, नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर पैसे जातात. म्हणून चोरलेला नंबर आधी बाहेरच वापरला जातो. ते बटण बंद असलं की तो रस्ताच बंद.

आता तुम्ही म्हणाल, माल तर आला की, मग कार्ड कशाला ब्लॉक करायचं. हाच तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुकानदार तुमच्याशी खोटं बोलला असं मला मुळीच वाटत नाही. चार वेळा नीट माल दिलाय, फोन उचलतो, पाचव्यांदाही दिला. माणूस सरळ असणार. पण 'हे फॉल्स पॉझिटिव्ह आहे' हे त्याने कशावरून ठरवलं? साइट माझी आहे, मी काही वाईट केलेलं नाही, म्हणजे इशारा खोटा, एवढ्यावरूनच ना? आणि त्याच्या साइटमध्ये त्याच्या नकळत कोणी काही घुसवलं असेल तर ते त्याला दिसणारच नाही. ऑर्डर येतेय, पैसे जमा होतायत, कुरियर जातंय, त्याच्या बाजूने सगळं सुरळीतच चालू असतं.

2018 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं नेमकं हेच झालं. एवढी मोठी विमान कंपनी, आयटीवाल्यांची फौज पदरी, आणि ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत साधारण पंधरा दिवस तिच्या साइटवर चोरांनी घुसवलेल्या कोडच्या फक्त 22 ओळी बसून होत्या. गिऱ्हाइकाने कार्डाची माहिती टाकून बटण दाबलं की तीच माहिती गुपचूप दुसऱ्या एका पत्त्यावर पण जायची, आणि तो पत्तासुद्धा कंपनीचाच वाटावा असा निवडलेला. तिकिटं मात्र बरोबर निघत होती, लोक विमानात बसून गेले, आले, कुणालाच काही कळलं नाही. लाखो लोकांची कार्डं गेली त्यात, पुढे 2020 मध्ये कंपनीला 2 कोटी पाउंडांचा दंड झाला. या प्रकारच्या चोरीला मेजकार्ट म्हणतात आणि छोट्या दुकानांच्या साइट याला जास्त बळी पडतात, कारण साइट एकदा कुणाकडून तरी करून घेतलेली असते आणि नंतर तिचे प्लगइन, म्हणजे साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम, वर्षानुवर्षं कोणी अपडेट करत नाही.

म्हणून म्हणते, माल आला हा साइट स्वच्छ असल्याचा पुरावा होत नाही. चोराला तुमचे मोती नकोच असतात, त्याला तुम्ही टाईप केलेला नंबर हवा असतो. 1 ऑक्टोबर 2022 पासून दुकानांना तुमचा कार्ड नंबर स्वतःकडे साठवून ठेवता येत नाही, हा नियम फार चांगला झाला, पण तुम्ही टाईप करत असतानाच कोणी वाचत असेल तर तिथे हा नियम कामाचा नाही. तिथे एकच गोष्ट कामाची होती, तुमचा अँटीव्हायरस, आणि तो नेमका त्याच पानावर बंद झाला.

हे वाचून घाबरू नका. तुमच्या बाबतीत असंच झालंय असं मी म्हणत नाहीये, मी तुमचा कॉम्प्युटर बघितलेला नाही. इशारा खरंच चुकीचा असण्याची शक्यताही भरपूर आहे, आणि तो कसा चुकतो हे मी 2008 पासून दुकानात रोज बघतेय.

अँटीव्हायरस दोन-तीन तऱ्हांनी काम करतो. एक म्हणजे पोलीस चौकीत लावलेल्या फोटोंसारखं, माहीत असलेल्या चोरांची यादी असते, चेहरा जुळला की धरला. यात चूक कमी होते. दुसरं म्हणजे वागण्यावरून, म्हणजे रात्री दोन वाजता कोणी कंपाउंडवरून उडी मारत असेल तर तो चोरच असेल असं नाही, किल्ली विसरलेला घरमालकही असेल, पण वॉचमन हटकणारच. आणि तिसरं म्हणजे ओळखीवरून, नवीन डोमेन म्हणजे साइटचा नवा पत्ता, फार कमी लोक जातात अशी साइट, अनोळखी फाइल, एवढ्यावरूनच तो थांबवतो. आता सुरतचं एक छोटं दुकान, स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे साइट ठेवायला भाड्याने घेतलेली जागा, त्याच सर्व्हरवर आणखी शेकडो साइट, त्यातली एखादी खरोखरची फसवी निघाली की सर्व्हरचा पत्ताच काळ्या यादीत जातो आणि शेजारच्या गरीब दुकानालाही फटका बसतो. किंवा साइटमध्ये कधीतरी खरंच घाण शिरली होती, दुकानदाराने साफ करून घेतली, पण यादीतून नाव काढून घ्यायचं राहूनच गेलं. किंवा साइट बनवणाऱ्याने आपला कोड कोणी चोरू नये म्हणून तो गोधडीसारखा गुंडाळून ठेवला, आणि चोरही आपला कोड तसाच गुंडाळतात, म्हणून अँटीव्हायरसला दोन्ही सारखेच दिसले. मोठ्या कंपन्याही चुकतात बरं. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस समजून धरली आणि जगभर ऑफिसं, हॉस्पिटलं, शाळांमधले कॉम्प्युटर सारखे रिस्टार्ट व्हायला लागले. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

तर इशारा खराही असतो आणि खोटाही असतो. माझं सांगणं एवढंच की ते ठरवायची जागा पेमेंटचं पान नाही, आणि ठरवणारा माणूस विकणारा नसावा. घाई असते, कार्ड हातात असतं, पलीकडून कोणीतरी आपुलकीने 'काही होत नाही मॅडम' म्हणत असतं, अशा वेळी कुणीही बंद करेल. मिस्टरांना हे वाचून दाखवा, तुमच्या जागी ते असते तर त्यांनीही केलं असतं.

मग करायचं काय? पुढच्या वेळी लाल बॉक्स आला की आधी मोबाइलने त्याचा फोटो काढा. त्यात बारीक अक्षरात एक नाव असतं, लोक ते वाचतच नाहीत, आणि खरी गंमत तिथेच असते. नावात 'फिशिंग' असेल तर तो सांगतोय की हे पान दुसऱ्या कुणाचं तरी सोंग घेतंय, तिथून सरळ बाहेर या. 'जेएस' (JS) म्हणजे पानातल्या स्क्रिप्टवर, म्हणजे पानात चालणाऱ्या कोडवर, संशय आहे, आणि पेमेंटच्या पानावर स्क्रिप्टवर संशय हा मी हलक्यात घेणार नाही, कारण वर सांगितलेली कार्डचोरी स्क्रिप्टनेच होते. 'जेन' (Gen) किंवा 'ह्यूर' (Heur) असेल तर वॉचमनने वागण्यावरून हटकलंय, नक्की ओळख पटलेली नाही. 'पीयूए' (PUA) किंवा 'पीयूपी' (PUP) म्हणजे नको असलेलं काहीतरी, बहुतेक जाहिराती चिकटवणारं सॉफ्टवेअर. बॉक्स निघून गेला असेल तरी अँटीव्हायरस उघडून 'हिस्ट्री' किंवा 'रिपोर्ट' मध्ये गेलात की तारीख-वेळेसकट सगळं सापडतं. तुमचा मागच्या आठवड्यातला इशारासुद्धा तिथे अजून असेल, आत्ताच बघा आणि नाव लिहून ठेवा.

मग साइटचा पत्ता व्हायरसटोटल नावाच्या साइटवर टाका. ही फुकट आहे, 2004 मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली, 2012 पासून गुगलकडे आहे. ती तुमचा पत्ता सत्तरच्या आसपास वेगवेगळ्या अँटीव्हायरस आणि यादी ठेवणाऱ्यांना एकदम विचारते आणि प्रत्येकाचं उत्तर समोर मांडते. एखाद-दुसऱ्याने लाल दाखवलं आणि बाकी सगळे हिरवे असतील तर इशारा चुकीचा असण्याची शक्यता जास्त, आठ-दहा जण ओरडत असतील तर मग चर्चाच नको. पण सगळे हिरवे म्हणजे शंभर टक्के स्वच्छ असं पण नाही हं, कारण ती साइटचा पत्ता तपासते, तुम्ही कार्टमध्ये वस्तू टाकून, लॉगिन करून ज्या पेमेंटच्या पानावर पोचता तिथपर्यंत ती जात नाही. आणि एक लक्षात ठेवा, तिथे आपली बिलं, आधारची पीडीएफ असलं काही तपासायला टाकू नका, टाकलेल्या फाइल इतर सुरक्षा कंपन्यांनाही बघायला मिळतात.

मोबाइलवर उघडून बघायची पण लोकांना सवय असते, मोबाइलवर नीट उघडतंय म्हणजे कॉम्प्युटरच उगाच ओरडतोय. तसं नाही. बहुतेक मोबाइलवर अँटीव्हायरस नसतोच, मग ओरडणार कोण.

एक वेगळाच प्रकार सांगते, कारण तो सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात सोपा आहे. मागच्या दिवाळीच्या आधी एक रिटायर्ड सर त्यांचा जुना सीपीयू रिक्षातून घेऊन आले, म्हणाले व्हायरस भरलाय, कुठलीही खरेदीची साइट उघडली की कनेक्शन सुरक्षित नाही असं येतंय, बँकेची साइट पण तशीच. त्यांना कुणीतरी फॉरमॅट मारायला सांगितलं होतं, त्यात नातवंडांचे दहा वर्षांचे फोटो गेले असते. मी चालू केला आणि खालच्या कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर तारीख 1 जानेवारी 2009. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल असतो, सीआर 2032, तो संपला की कॉम्प्युटर बंद केला रे केला की तारीख विसरतो. आणि प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक सर्टिफिकेट असतं त्यावर कधीपासून कधीपर्यंत हे छापलेलं असतं, कॉम्प्युटर 2009 मध्ये बसलाय म्हटल्यावर आजचं सर्टिफिकेट त्याला अजून सुरूच न झालेलं दिसणार. सेल बदलला, तारीख लावली, सगळ्या साइट उघडल्या. फोटो जागच्या जागी. म्हणून एकाच साइटवर इशारा येत असेल तर साइटचा विचार करा आणि सगळ्याच साइटवर येत असेल तर आधी घड्याळ बघा.

आता कोपऱ्यातले ते बॉक्स, 5 व्हायरस सापडले, रिन्यू करा. ताई, ते बहुतेक तुमच्या अँटीव्हायरसचे नाहीतच. पुढचा बॉक्स आला की घाईने बंद न करता नीट निरखून बघा, वरती किंवा खाली अगदी बारीक अक्षरात 'क्रोम' लिहिलेलं असेल आणि शेजारी एका विचित्र साइटचा पत्ता असेल, ज्याचा तुमच्या अँटीव्हायरसशी काही संबंध नसेल. खरा अँटीव्हायरस स्वतःच्या नावाने बोलतो, क्रोमच्या तोंडून बोलत नाही. कधीतरी डिझाइन शोधताना किंवा मुलाने काही डाउनलोड करताना एखादं पान आलं असेल, 'तुम्ही रोबोट नाही ना, मग अलाऊ दाबा', आणि दाबलं गेलं असेल. त्या अलाऊचा खरा अर्थ असा की या साइटला मला नोटिफिकेशन पाठवायची परवानगी आहे. तेवढ्या परवानगीवर ते दिवसभर घाबरवत बसतात.

काढायला दोन मिनिटं लागतात. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, तिथून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल, जी ओळखीची नाही ती प्रत्येक काढून टाका. बॉक्स लगेच थांबतील. थांबले की मिस्टरांना सांगा, व्हायरस घुसलेत म्हणून हे येत नव्हतं, आणि पाच मिनिटं अँटीव्हायरस बंद केला त्याचा याच्याशी संबंध नसावा. फक्त एक खरं खरं आठवून बघा, त्या बॉक्सवर क्लिक करून कुठे पैसे भरलेत का, किंवा एखादा नंबर आला त्यावर फोन केलात का, किंवा कुणाच्या सांगण्यावरून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकलंत का. यातलं काहीही झालं असेल तर इंटरनेटची वायर काढा आणि कॉम्प्युटर दुकानात न्या, आणि पैसे गेले असतील तर एक मिनिटही न घालवता 1930 वर फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, तक्रार जेवढी लवकर तेवढे पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. बँकेलाही लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये घालून दिलेला नियम असा आहे की तुमची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवलं तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही, चार ते सात कामाच्या दिवसांत कळवलं तर ठराविक मर्यादेपर्यंतच येतं. म्हणून पुढचे दोन-तीन महिने बँकेचा प्रत्येक मेसेज वाचा, दहा-वीस रुपयांचा असला तरी, कारण चोर आधी छोट्या रकमेने कार्ड चालतंय का बघतात.

आणि अशी खोटी भीती दाखवून विकणं हे आपल्याकडे आता नियमातही बसत नाही. 30 नोव्हेंबर 2023 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे साइट-अ‍ॅपवर ग्राहकाला फसवायच्या युक्त्यांबद्दल, नियम काढले, त्यात फसवणुकीच्या 13 तऱ्हा नावानिशी दिल्यात, आणि तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे असं खोटंच सांगून पैसे उकळणं ही त्यातलीच एक. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर करता येते. मला हे मनापासून वाटतं की बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी असल्या तक्रारी जास्त कराव्यात, आपणच काहीतरी दाबलं असेल म्हणून बरीच जणं घरात कुणाला सांगतही नाहीत आणि मनातल्या मनात कुढत बसतात. तुम्ही निदान पत्र लिहिलंत.

मुलाचं म्हणणं. तो चिडलाय ते समजू शकते, पण अँटीव्हायरस काढून टाकणं हा उपाय नाही. विंडोज 10 आणि 11 मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो, दुसरा टाकला की तो बाजूला होतो आणि दुसरा काढला की परत चालू होतो, त्यामुळे विकतच्याची मुदत संपली आणि परत पैसे घालायचे नसतील तर तो नीट अनइन्स्टॉल करून डिफेंडरवर राहिलात तरी घरच्या वापराला चालतं, माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे. मुदत संपलेला तसाच ठेवून देणं मात्र सगळ्यात वाईट. दोन-दोन अँटीव्हायरस एकदम टाकू नका, ते एकमेकांनाच चोर समजतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. आणि विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, कॉम्प्युटर झेपणारा असेल तर 11 वर जायचं बघा. आणि आज रात्री कॉम्प्युटर मोकळा असताना अँटीव्हायरस अपडेट करून फुल स्कॅन लावून झोपा, क्विक स्कॅन नाही, फुल, दोन-चार तास लागतील.

राहता राहिली पुढची ऑर्डर, कारण मोती तर लागणारच. त्या साइटवर कॉम्प्युटरवरून कार्डाचे आकडे टाईप करणं सध्या बंद. दुकानदार ओळखीचा आहे, त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर बिल मागवा आणि यूपीआयने पाठवा, म्हणजे पिन तुमच्या मोबाइलच्या अ‍ॅपमध्येच टाकला जातो, साइटच्या पानावर काहीच लिहावं लागत नाही. पैसे पाठवताना अ‍ॅपमध्ये जे नाव दिसतं ते बिलावरच्या दुकानाशी जुळतंय ना एवढं बघायचं, आणि नंबर नेहमीचाच आहे ना ते. कॅश ऑन डिलिव्हरी देत असतील तर आणखी उत्तम. आणि सगळं तपासून खरंच इशारा चुकीचा निघाला, तर अँटीव्हायरस पूर्ण बंद करायची गरज तेव्हाही नसते, त्यात 'एक्सक्लूजन' नावाची सोय असते, तिथे फक्त तेवढाच एक पत्ता टाकायचा, आख्खा सी ड्राइव्ह नाही. मी असे कॉम्प्युटर बघितलेत जिथे कुणीतरी शहाण्याने सगळा सी ड्राइव्हच सूट देऊन ठेवलाय, मग अँटीव्हायरस असून नसल्यासारखाच.

शेवटचं, दुकानदाराला कळवा. भांडायला नाही, त्याच्या भल्यासाठीच. त्याने तुम्हाला सांगितलं की सगळ्यांनाच येतंय, म्हणजे त्याची गिऱ्हाइकं पेमेंटच्या पानावरून परत जातायत आणि जी तुमच्यासारखी फोन करत नाहीत ती त्याला कळतही नाहीत. मी तुम्हाला मेसेज लिहूनच देते, फोटोसकट पाठवा:

"भाऊ, तुमच्या पेमेंटच्या पानावर माझ्या अँटीव्हायरसने हा इशारा दिला, फोटो पाठवते, त्यात धोक्याचं नाव दिसतंय. प्लीज ज्यांनी साइट बनवली त्यांना पेमेंटच्या पानाचा कोड आणि प्लगइन तपासायला सांगा. सगळं स्वच्छ असेल तर अँटीव्हायरस कंपनीच्या साइटवर फॉल्स पॉझिटिव्ह कळवायचा फॉर्म असतो, तो भरा, ते तपासून यादीतून काढतात. तोवर गिऱ्हाइकांना अँटीव्हायरस बंद करायला सांगू नका, त्याऐवजी यूपीआय द्या. माझी पुढची ऑर्डर तयार आहे."

हिंदीत पाठवलात तरी चालेल. हिस्ट्रीत सापडलेलं नाव आणि त्याचं उत्तर दोन्ही मला लिहून पाठवा, मग एक्सक्लूजन टाकायचं की साइटच बदलायची ते ठरवू.